डीएनए चाचणी करून घराण्याचं मूळ खरंच कळतं का?

कळतं, पण अहवालातल्या टक्केवारीपेक्षा नातेवाइकांच्या यादीतून जास्त, म्हणजे चाचणी केलेल्या ज्या इतरांचा डीएनए तुमच्याशी जुळतो त्यांच्या यादीतून. ‘अमुक प्रदेश ३८ टक्के’ हा चाचणी करणाऱ्या कंपनीकडच्या नमुन्यांशी ताडून काढलेला अंदाज असतो. नमुने वाढले की तोच अहवाल बदलतो, सख्ख्या भावंडांचे आकडेही वेगळे येतात. यादी मात्र भक्कम: सख्ख्या चुलत किंवा मावस भावंडांत सरासरी १२.५ टक्के डीएनए सामाईक असतो, त्यामुळे जवळचं नातं लपत नाही.

आजी-आजोबा हयात असतील तर त्यांच्या संमतीने आधी त्यांचीच लाळ पाठवा. प्रत्येकाचा साधारण पाव हिस्साच तुमच्यात उतरलेला असतो, बाकीचा माग त्यांच्याकडेच आहे. आणि घरात कधीच न बोललेलं एखादं नातं यातून उघड होऊ शकतं, म्हणून घरच्यांशी आधी मोकळेपणाने बोलाच.