उसाच्या चिपाडाने कापडरंगाईचं सांडपाणी खरंच साफ होतं का?

होतं, पण रंग कोणता यावर सगळं अवलंबून आहे.

प्रयोगशाळेत बहुतेक जण मिथिलीन ब्लू हा निळा रंग वापरतात. तो धनभारित, आणि चिपाड, भुसा, तूस यांचा पृष्ठभाग साधारणपणे ऋणभारित. त्यामुळे तो पटकन चिकटतो, निळं पाणी डोळ्यांदेखत फिकं होतं. इचलकरंजी, सोलापूरकडे सुती कापडावर मात्र मुख्यतः रिअ‍ॅक्टिव्ह रंग (धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे) चढतात. ते ऋणभारित, शिवाय पाण्यात भरपूर मीठ आणि अल्कली (सोड्यासारखे, आम्लाच्या उलट गुणाचे पदार्थ). तिथे कच्चं चिपाड फारसं काम करत नाही. पाणी आम्लधर्मी केलं, तर फरक पडतो.

अशा रंगांसाठी मला शेवग्याच्या बिया जास्त भरवशाच्या वाटतात. त्यांतलं प्रथिन धनभारित असतं. बियांची पूड मिठाच्या पाण्यात ढवळून, गाळून तो अर्क घातला की रंगाच्या गुठळ्या बनून तळाशी बसतात.

चिपाड वापरायचंच, तर आधी गरम पाण्याने अनेकदा धुवा, नाहीतर त्याचाच तपकिरी रंग उतरतो. आणि रंग शोषलेला चोथा कृपा करून शेतात किंवा ओढ्याकाठी टाकू नका. पावसात तोच रंग पुन्हा पंचगंगेत जाईल.