मक्याचा पाक आणि उसाची साखर

प्रश्न : माझा भाऊ अमेरिकेत असतो. दिवाळीला सोलापूरला आला होता, तेव्हा ‘मक्याच्या पाकाने गोड केलेले काही खाऊ नका, ते साखरेपेक्षा फार घातक असते,’ असे बजावून गेला. नंतर मुलांच्या जेलीच्या पाकिटावर ‘लिक्विड ग्लुकोज’ हे शब्द दिसले, म्हणून मी ती टाकून दिली. आमचा ऊस कारखान्याला जातो, त्यामुळे यजमान म्हणतात की आपली साखरच बरी. सासऱ्यांना मधुमेह आहे. खरे काय मानावे?
— एक वाचक भगिनी, सोलापूर

उत्तर : आपल्या बंधूंनी ज्याची धास्ती घातली तो पदार्थ आणि आपण पाकिटावर वाचलेला पदार्थ हे दोन वेगळे आहेत, म्हणून आधी हा घोळ निस्तरू. मक्यातील किंवा अन्य कशातील स्टार्चचे विघटन केले की ग्लुकोज आणि माल्टोज असलेला दाट पाक मिळतो. तोच लिक्विड ग्लुकोज, आणि त्यात फ्रुक्टोज (फळांत आढळणारी एक शर्करा) जवळजवळ नसतेच. साखरेचे खडे धरू नयेत म्हणून गोळ्या-जेली करणारे तो घालतात. अमेरिकेत बदनाम झाला तो ‘हाय फ्रुक्टोज कॉर्न सिरप’. याच पाकातील काही ग्लुकोजचे विकराच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने फ्रुक्टोजमध्ये रूपांतर करून तो तयार होतो. त्याच्या नावातील ‘हाय’ हा शब्द साध्या मक्याच्या पाकाशी तुलना करून आला आहे. आपल्या डब्यातील साखरेशी त्याचा संबंध नाही, पण बरीचशी भीती या एका शब्दातूनच उपजली असावी.

शीतपेयांत वापरतात त्या पाकात, पाणी वगळल्यास, सुमारे ५५ टक्के फ्रुक्टोज असते आणि दुसऱ्या एका प्रकारात ४२ टक्के. उसाच्या साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज निम्मे-निम्मे, परंतु एकमेकांना जोडलेले असतात. लहान आतड्यातील विकर ही जोडी तोडते आणि त्यानंतर यकृतापर्यंत जे पोहोचते ते दोन्ही बाबतींत जवळपास सारखेच असते. अति फ्रुक्टोजमुळे यकृतात मेद तयार होतो आणि रक्तातील यूरिक आम्ल वाढते हे खरे आहे, मात्र हा दोष साखरेलाही तितकाच लागू आहे. समान प्रमाणात दोन्ही देऊन केलेल्या चाचण्यांत वजन आणि रक्तातील मेद यांत लक्षणीय फरक आढळलेला नाही. शरीरातील दाह दर्शवणारे एक प्रथिन मक्याच्या पाकाने किंचित अधिक वाढल्याचे काही चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात दिसले, पण एवढ्यावरून साखरेला निर्दोष ठरवता येणार नाही.

अमेरिकेत हा पाक पसरला तो स्वस्ताईमुळे. तिथे आयात साखरेवर निर्बंध होते आणि मका मुबलक होता, म्हणून १९८४ मध्ये कोका-कोला आणि पेप्सी यांनी तिथल्या पेयांत साखरेऐवजी तो घेतला. पुढे १९९९ च्या सुमारास त्याचा दरडोई वापर शिखरावर पोहोचून उतरू लागला, तरी तिथला लठ्ठपणा वाढतच राहिला. आपल्याकडील शीतपेयांत मात्र मुख्यतः साखरच असते.

यजमानांचे म्हणणे मी समजू शकतो. ज्या जिल्ह्यात गाळप हंगामात रस्तोरस्ती उसाच्या ट्रॉल्या दिसतात तिथे साखरेविरुद्ध लिहिणे जिवावरचेच काम आहे. पण पीक म्हणून ऊस आणि आहारातील साखर यांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुचवल्याप्रमाणे वरून घातलेली साखर आहारातील एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी, आणि शक्यतो ५ टक्क्यांच्या आत असावी. २००० कॅलरींच्या आहारात हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. दिवसाला चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, एवढ्यातच ३२ ते ४० ग्रॅम होतात. त्यावर संक्रांतीची शेंगापोळी आली तर वेगळा हिशेब नको. (पोळीत गूळ असतो हे मला ठाऊक आहे, पण गुळाचाही बहुतांश भाग साखरच आहे.)

सासऱ्यांच्या बाबतीत लिक्विड ग्लुकोज अधिक जपण्याजोगा आहे, कारण ग्लुकोज आणि माल्टोज रक्तातील साखर साखरेपेक्षाही वेगाने चढवतात. केवळ फ्रुक्टोजने ती हळू चढते, परंतु यकृताचा विचार करता तोही पर्याय नव्हे. त्यांच्यासाठी पाकीट घेताना घटकांच्या यादीबरोबरच पोषणाच्या तक्त्यातील ‘एकूण शर्करा’ आणि ‘वरून घातलेली शर्करा’ हे दोन आकडे पाहावेत, आणि पदार्थ ‘मक्याचा नाही’ किंवा ‘गुळाचा आहे’ या जाहिरातीवर विसंबू नये. मुलांची जेली टाकून दिलीत याचे वाईट वाटून घेऊ नका. आपण दिलेले कारण चुकले, इतकेच.