कानोसा : 'अ‍ॅबा'चे आबा झाले, मग?

गेल्या अंकात 'अ‍ॅबा'च्या 'व्हॉयेज' या अल्बमवर मी जेमतेम अर्धं पान लिहिलं आणि खाली एक ओळ टाकली, की तुम्हाला कसा वाटला ते कळवा. स्वीडनच्या या पॉप गटातल्या चौघांनी, म्हणजे आग्नेता, ब्यॉर्न, बेनी आणि फ्रिडा यांनी, तो ५ नोव्हेंबर २०२१ला आणला. त्याआधीचा त्यांचा अल्बम 'द व्हिजिटर्स', १९८१च्या नोव्हेंबरातला. मधे चाळीस वर्षं. मला वाटलं चार-दोन पत्रं येतील, 'छान', 'बरा' असं काहीतरी. पण लोक अक्षरशः भांडलेत. एका आजोबांनी पोस्टकार्डावर एकच वाक्य पाठवलंय : 'अखेर नावाला जागले, आबा झाले.' त्यांना उत्तर नाही, नमस्कार.

बाकीच्यांना घेऊ. आधी पत्र, खाली माझं उत्तर.

ताई, आमच्या घरात या अल्बमवरून दोन तट पडलेत. मुलगी म्हणते, दोघी बायकांचे आवाज म्हातारे झालेत, ते सरळ ऐकू येतं. मी म्हणतो, उलट यंत्रातून घासूनपुसून इतके गुळगुळीत केलेत की माणूसच उरला नाही. तुम्ही तीस वर्षं ध्वनिमुद्रण केलंत. निवाडा करा.

मुलगी जिंकली. पण तुमची हार मला जरा सावकाश समजावून सांगायचीय, कारण मीही आधी तुमच्याच बाजूला होते.

अल्बम आला तेव्हा फ्रिडा पंचाहत्तर वर्षांची होती, आग्नेता एकाहत्तर. या वयात बाईचा आवाज खाली उतरतो, स्वरतंतू जाड होतात, श्वास पूर्वीइतका पुरत नाही, लांब स्वरावर कंप जरा रुंद होतो. हे सगळं इथं आहे आणि कुणी लपवलेलं नाही. पहिलंच गाणं घ्या, 'आय स्टिल हॅव फेथ इन यू'. फ्रिडा त्यात खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखी सुरू होते. चाळीस वर्षांपूर्वी गाणी रचणाऱ्या याच बेनी-ब्यॉर्ननी या दोघींना पट्टीच्या वरच्या टोकाशी नेऊन ठेवलं होतं. त्या ताणाचीच तर चमक होती. आता गाणी त्यांच्या आजच्या गळ्याच्या मापानं बेतलीत.

खात्री करायची असेल तर एक प्रयोग सांगते, बापलेकीनं मिळून करा. चौथं, पाचवं आणि सहावं गाणं ओळीनं ऐका, मधे उठू नका. चौथं 'डोन्ट शट मी डाउन', नवं. सहावं 'आय कॅन बी दॅट वूमन', तेही नवं. पाचव्या 'जस्ट अ नोशन'मधले आवाज मात्र १९७८चे आहेत. तेव्हा ते गाणं पूर्ण करून प्रसिद्ध झालंच नाही. आता त्या जुन्या आवाजांखाली वाद्यमेळ नवा भरलाय. म्हणजे पाचव्यातून सहाव्यात जाताना तुम्ही त्रेचाळीस वर्षं उडी मारता, तीही दोन गाण्यांमधल्या शांततेत. मला पहिल्यांदा ऐकताना पायरी चुकल्यासारखं झालं. हेडफोन काढून मी एकदा खोलीत इकडेतिकडे पाहिलं.

आता यंत्राचं. तुमची तक्रार अशी की यंत्रानं माणूस पुसला. पण तुम्ही ज्या तरुण आवाजावर प्रेम केलंत, तो कुठला निव्वळ माणसाचा होता? सत्तरच्या दशकात त्यांचा ध्वनिमुद्रक मिकाएल ट्रेटोव एकच ओळ या दोघींकडून पुन्हा पुन्हा गाऊन घ्यायचा, आणि दुसऱ्या थराच्या वेळी टेपचा वेग किंचित बदलायचा. त्यामुळे थर एकमेकांवर नेमके बसत नाहीत, कडा झिरमिरत राहतात आणि दोन बायकांची एक भिंत उभी राहते. १९७३च्या 'रिंग रिंग'पासून ही युक्ती आहे. 'अ‍ॅबा'चा आवाज म्हणून आपण जे ओळखतो त्यात गळा आणि टेप यांची भागीदारी आहे. नव्या अल्बमातही आवाजांचे थर आहेतच, पण मधल्या एकट्या ओळी ऐका, तिथं श्वास घेतलेला कळतो.

एक घरगुती कबुली देते. आमच्याकडे त्यांची एक कॅसेट होती आणि प्लेअरचा पट्टा सैल झालेला. टेप हळू फिरायची, सगळी गाणी जवळजवळ अर्धा स्वर खाली. मला ते कळायचं वय नव्हतं. वर्षानुवर्षं फ्रिडाचा आवाज मी तसाच, दाट आणि जरा दमलेला, असाच धरून बसले. पुढे स्टुडिओत कामाला लागल्यावर योग्य वेगानं तीच गाणी ऐकली आणि मनात म्हटलं, ही कोण पोर घाईघाईनं गातेय? 'व्हॉयेज' लावल्यावर माझी फ्रिडा परत भेटली. तेव्हा मी काही निःपक्ष पंच नाही, हेही मुलीला सांगा.

हा अल्बम म्हणजे लंडनच्या त्या बाहुल्यांच्या खेळाची जाहिरात नव्हे काय? लोक भावुक होऊन फसले.

बाहुल्या नव्हेत, पण तुमच्या रागात तथ्य आहे. सुरुवात तिथूनच झाली. २०१८च्या एप्रिलमध्ये चौघांनी जाहीर केलं की दोन नवी गाणी ध्वनिमुद्रित केलीत, आणि त्या गाण्यांचा संबंध चौघांच्या डिजिटल रूपांच्या, म्हणजे संगणकानं घडवलेल्या तरुण प्रतिमांच्या, कार्यक्रमाशीच होता. मग दोनाची दहा झाली. स्टॉकहोममध्ये स्केप्सहोल्मेन बेटावर बेनीचा स्वतःचा स्टुडिओ आहे, तिथं हे काम झालं.

कार्यक्रम २७ मे २०२२ला लंडनच्या क्वीन एलिझाबेथ ऑलिम्पिक पार्कात सुरू झाला, तीन हजार माणसांच्या खास बांधलेल्या सभागृहात. त्यासाठी चौघांनी पाच आठवडे अंगाला चिकटून बसणारे पोशाख घालून १६० कॅमेऱ्यांसमोर गाऊन-नाचून दाखवलं. समोर वाजवणारे दहा वादक मात्र खरे, हाडामांसाचे. आणि आता गंमत पाहा : जाहिरातच करायची होती तर कार्यक्रमात नव्या अल्बमातली दोनच गाणी का? बाकी सगळा जुना खजिना आहे.

माझं मत विचाराल तर दोन्ही गोष्टी उलट दिशांना तोंड करून उभ्या आहेत. मंचावर १९७९च्या सुमाराचे, एकही सुरकुती नसलेले चौघे. तबकडीवर सत्तरी ओलांडलेले. मला निवड दिली तर मी तबकडी घेईन. चकचकीत चेहऱ्यातून जाडसर आवाज आला की माझं लक्ष चेहऱ्यावरून उडतं, हा व्यवसायाचा रोग.

आपण 'चाळीस वर्षांनी पहिलं गाणं' असं लिहिलंत. ते चूक आहे.

चूकच आहे, कान पकडते. 'द व्हिजिटर्स' १९८१चा, पण १९८२ मध्येही ते स्टुडिओत गेले होते आणि ऑगस्टमध्ये 'द डे बिफोर यू केम' झालं. ज्यांनी ते ऐकलं नाही त्यांनी ऐकावं. एका बाईचा अगदी सामान्य दिवस, ऑफिस, गाडी, जेवण, झोप, आणि अंगावर काटा.

अल्बम मी तीन वेळा ऐकला. प्रत्येक गाणं त्यांच्याच कुठल्या तरी जुन्या गाण्याची आठवण करून देतं. चाळीस वर्षांत पॉप संगीतात केवढं काय घडलं, यांच्या कानावर काहीच आलं नाही का? शिळ्या कढीला ऊत, दुसरं काय!

तुमचं पत्र सगळ्यांत धारदार, म्हणून जास्त जागा देते.

सुरांच्या बाबतीत मी तुमच्याशी भांडणार नाही. 'बंबलबी'मधली बासरी ऐकली की त्यांच्या जुन्या 'फर्नांडो'चं दार उघडतं. 'व्हेन यू डान्स्ड विथ मी'मधला आयरिश लोकधुनेचा थाट त्यांना पूर्वीपासून प्रिय. ठेका शोधाल तर तोही जुन्याच घरचा : ढोलकांवर बसलेला पेर लिंडवाल १९८०-८१च्या ध्वनिमुद्रणांतही होता. 'लिटल थिंग्ज' हे नाताळचं गाणं तर मी आता उडवूनच पुढे जाते. शेवटी लहान मुलांचा कोरस येतो आणि माझी साखर वाढते. इतक्या चतुर माणसांना तिसऱ्याच क्रमांकावर हे ठेवावंसं का वाटलं असेल?

पण तुम्ही सूर ऐकलेत आणि शब्द सोडलेत असं वाटतं. 'कीप अ‍ॅन आय ऑन डॅन' पुन्हा लावा. ठेका नाचायचा आहे. पण प्रसंग काय? घटस्फोटित आई आपल्या मुलाला काही दिवसांसाठी त्याच्या बापाकडे सोडून निघालीय. सूचना देतेय, लक्ष ठेव म्हणतेय, गाडीपाशी येईपर्यंत स्वतःला कसंबसं धरून आहे. हे आग्नेता गाते आणि शब्द ब्यॉर्नचे. हे दोघं नवरा-बायको होते, त्यांना दोन मुलं, आणि १९७९च्या सुमारास ते वेगळे झाले. गाणं त्यांच्याच घरचं आहे असा दावा मी करणार नाही, लेखक कल्पना करू शकतो. तरी हे शब्द या गळ्यासाठी लिहिणं आणि या गळ्यानं ते गाणं, यात जे आहे ते १९७५ साली त्यांच्याजवळ असूच शकत नव्हतं.

आणि गाणं संपतं तिथं कान द्या. शेवटी पियानोवर ओळखीचे स्वर येतात. ते त्यांच्याच 'एसओएस' या गाण्याच्या सुरुवातीचे, १९७५चे. तुम्ही ज्याला शिळी कढी म्हणता ते इथं मुद्दाम केलंय. तरुणपणी जी हाक मारली होती तिचे स्वर म्हाताऱ्या गाण्याच्या उंबऱ्यावर आणून ठेवलेत. बेनीला तेवढी लबाडी येते.

'आय कॅन बी दॅट वूमन' लोकांना रडकं वाटलं. बऱ्याच पत्रांत तसा सूर आहे. मला नाही वाटलं. त्यात सोफ्यावर झोपलेलं कुत्रं आहे, दारूनं पोखरलेला संसार आहे आणि उशिरा आलेली शहाणीव आहे. गायकीत कंट्री संगीताचा सैलपणा. सहा मिनिटं ताणलं असतं तर कंटाळले असते, ताणलेलं नाही. सबंध अल्बमच सदतीस मिनिटांच्या आसपास आटोपतो, हाही जुना शिस्तीचा संस्कार. आजकाल वीस-वीस गाणी भरतात, त्यापेक्षा बरं.

नव्या काळाचं काही कानावर आलं नाही का, हा तुमचा प्रश्न उरतो. आलं असणार. त्यांनी ते घ्यायचं नाकारलं. पंचाहत्तरीच्या बाईला विशीतला ठेका नेसवण्याचा प्रकार मी स्टुडिओच्या काचेआडून पुष्कळ पाहिलाय, नावं घेत नाही. त्यापेक्षा हे नाकारणं मला पटतं. तुम्हाला नाही पटलं तर तीन वेळा ऐकूनच नाही पटलं, तेव्हा तक्रार नाही.

विकला गेला का? की नुसताच गाजावाजा?

विकला गेला. ब्रिटनमध्ये थेट पहिला क्रमांक, पहिल्याच आठवड्यात दोन लाखांवर. अमेरिकेत बिलबोर्डच्या यादीत दुसरा, तिथला त्यांचा आजवरचा सर्वांत वरचा क्रमांक. ग्रॅमीची नामांकनंही आयुष्यात पहिल्यांदा याच गाण्यांमुळे मिळाली. पुरस्कार नाही मिळाला.

मी एकोणीस वर्षांची आहे. 'अ‍ॅबा'ची पाच-सहा गाणी माहीत आहेत, तीही लग्नसमारंभात नाचायची. या अल्बमपासून सुरुवात करू का? आई म्हणते कर, मला भीती वाटते की मला तो आजी लोकांचा वाटेल.

आईचं या एका बाबतीत ऐकू नकोस. आधी 'द व्हिजिटर्स' ऐक. त्या सुमारास आग्नेता-ब्यॉर्न आणि फ्रिडा-बेनी ही दोन्ही जोडपी मोडली होती आणि तरी चौघं एकाच खोलीत उभं राहून गात होते. तो अल्बम थंड आहे, थोडा भीतीदायकही, आणि डिजिटल यंत्रावर ध्वनिमुद्रित झालेल्या सुरुवातीच्या पॉप अल्बमांपैकी आहे. तुला तो आजीचा मुळीच वाटणार नाही. दुसऱ्या दिवशी 'व्हॉयेज'. त्याच दिवशी नको, मधे एक झोप जाऊ दे. त्यांची चाळीस वर्षं गेली, तुझी एक रात्र.

फोनच्या बारक्या स्पीकरवर लावू नकोस, हेडफोन घे. तिसरं गाणं उडवलंस तरी मी कुणाला सांगणार नाही. पाचवं संपून सहावं सुरू होईल तेव्हा डोळे मिट, आणि पुढे काय झालं ते मला लिही. आईला काय झालं तेही.