संगणक औषध शोधतो, म्हणजे नेमकं काय करतो?

प्रश्न : औषधं आता संगणकच शोधतो म्हणतात. मग बाजारात यायला दहा-दहा वर्षं का लागतात?
– निवृत्त शिक्षक, रावपुरा, वडोदरा

शोधण्यापेक्षा सिद्ध करायला जास्त वेळ लागतो म्हणून. लाखो रेणूंमधून प्रयोगशाळेत तपासण्याजोगे थोडे निवडून देणं, एवढंच संगणकाचं काम. पुढे पेशी, प्राणी आणि मग माणसांवरच्या चाचण्या. माणसांपर्यंत पोचलेल्या दहांपैकी साधारण नऊ औषधं तिथे गळतात. यकृतावरचा दुष्परिणाम सहा महिन्यांनी दिसणार असेल, तर सहा महिने थांबावंच लागतं.

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी डॉकिंग केलं, म्हणजे रेणू प्रथिनाला कसा चिकटेल ते संगणकावर पाहिलं. हळदीतल्या करक्युमिनचा स्कोअर -9.2 आला. पेपर लिहू का?
– विद्यार्थिनी, सयाजीगंज

घाई करू नकोस. ऑटोडॉक व्हिना या डॉकिंगच्या प्रोग्रॅमचा आकडा हा रेणू प्रथिनाच्या खाचेत किती घट्ट बसेल याचा निव्वळ अंदाज; आकडा जितका जास्त उणे, तितकी पकड घट्ट. रेणू मोठा असला की स्कोअर बऱ्याचदा आपोआप चांगला दिसतो. आधी प्रोटीन डेटा बँकेतल्या (प्रथिनांच्या प्रयोगातून मिळालेल्या रचनांच्या संग्रहातल्या) रचनेत मुळात असलेला लिगँड, म्हणजे प्रथिनाला चिकटलेला रेणू, बाहेर काढून पुन्हा डॉक कर. तो मूळ जागेच्या 2 अँगस्ट्रॉमच्या (अँगस्ट्रॉम म्हणजे साधारण एका अणूएवढं अंतर) आत बसला नाही, तर ग्रिड बॉक्स, म्हणजे रेणू जिथे बसवून पाहायचा ती चौकट, तरी चुकलाय किंवा फायलींची तयारी तरी. मग -9.2 विसरायचं.

रचना अल्फाफोल्डची, म्हणजे प्रथिनाच्या आकाराचा अंदाज बांधणाऱ्या एआय प्रोग्रॅमची असेल, तर रंग बघ. गडद निळा भाग भरवशाचा. खाच केशरी, म्हणजे अगदी कमी भरवशाच्या भागात आली, तर तिथे डॉकिंग म्हणजे वेळ फुकट. अल्फाफोल्डसाठी हसाबिस आणि जंपर यांना 2024चं नोबेल मिळालं म्हणून प्रत्येक रचना खरी ठरत नाही. प्रथिनाच्या साखळीतले कोन शक्य आहेत का, हे दाखवणारा रामचंद्रन आलेखही काढ. 1963 साली मद्रासला तयार झालेली ही कसोटी अजून चालते.

आणि करक्युमिनच का, हाही प्रश्न आहेच. ते पोटातून रक्तात जेमतेम पोचतं, शिवाय प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत खोटे होकार (परिणाम नसताना तो दिसणं) देण्यासाठी बदनाम आहे. गाइडनी सुचवलं असेल, तर निदान तुलनेला एखादं मान्यताप्राप्त औषध आणि निष्क्रिय ठरलेले काही रेणू घे. तेही -9च्या आसपास आले, तर तुझ्या स्कोअरला अर्थ नाही.

प्रश्न : मुलाला जीवशास्त्र आवडतं, गणित नको वाटतं. बायोइन्फर्मॅटिक्स (संगणकाने जीवशास्त्रातली माहिती तपासणं) चालेल का?
– एक आई, दांडिया बाजार

गणित टळणार नाही. संख्याशास्त्र आणि पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा रोजच लागते. अकरावीला जीवशास्त्राच्या बी ग्रुपऐवजी गणित आणि जीवशास्त्र दोन्ही असलेला एबी घेता येतो, ओझं मात्र वाढतं. सुट्टीत त्याला थोडं पायथन करू द्या, मग त्यालाच विचारा.