'स्टार ट्रेक'मधली पात्रं एकट्या जीन रॉडनबेरींनी घडवली का? पडद्यामागे आणखी कोण होतं?

तुम्ही विचारलं आहे की जहाजाचा कप्तान कर्क, व्हल्कन ग्रहाचा अधिकारी स्पॉक, संपर्क अधिकारी उहुरा ही सगळी पात्रं मालिकेचे जनक रॉडनबेरी यांच्याच डोक्यातून आली का, आणि मालिकेमागे आणखी कोणाकोणाचे हात होते. मी इथे फक्त एंटरप्राइझ या अंतराळजहाजावरच्या माणसांच्या मूळ अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेबद्दल (१९६६ ते १९६९, तीन हंगाम, ७९ भाग) लिहितो, कारण पुढच्या सगळ्या मालिकांचा पाया तीच आहे.

उत्तर 'नाही' असंच आहे. मूळ कल्पना रॉडनबेरींची. वेगवेगळ्या वंशांची, देशांची माणसं भविष्यात एकाच जहाजावर बरोबरीनं काम करताना दिसली पाहिजेत, हा आग्रहही त्यांचा. पण आपण ज्याला 'स्पॉक' म्हणून ओळखतो तो रॉडनबेरींच्या पहिल्या कागदावर नव्हताच.

मी गेली तीस वर्षं हौशी नाटकांचं नेपथ्य आणि प्रॉपर्टी सांभाळतो. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ही मालिका लागायची, तेव्हा मी शाळेत होतो. त्या वयात मला कर्क आवडायचा. विंगेत उभं राहायला लागल्यावर मात्र तेच भाग पुन्हा पाहताना नजर दुसरीकडेच जायला लागली: हा दरवाजा कोण उघडतंय, ही वस्तू कशाची बनवली असेल, हे वाक्य नटानं स्वतः सुचवलं असेल का. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी त्याच बाजूनं देतोय.

आधी स्पॉक.

मालिकेचा पहिला नमुना भाग एनबीसी वाहिनीनं नाकारला. तो जरा जास्तच बौद्धिक आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या भागात स्पॉक आहे, पण तो हसतो, ओरडतो. थंड डोक्यानं, भावना बाजूला ठेवून विचार करणारं पात्र तिथे वेगळंच आहे: जहाजाची दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी, एक स्त्री. ती भूमिका मॅजेल बॅरेट यांनी केली होती. दुसरा नमुना भाग करताना ते पात्र गेलं आणि तिचा थंडपणा स्पॉककडे आला. म्हणजे ज्या स्वभावासाठी स्पॉक जगभर ओळखला जातो तो एका काढून टाकलेल्या बाईचा वारसा आहे. बॅरेट पुढे नर्स चॅपल झाल्या आणि जहाजाच्या संगणकाचा आवाजही त्यांचाच. नंतरच्या मालिकांमध्येही तोच आवाज कितीतरी वर्षं ऐकू येत राहिला.

मग कान. रंगभूषाकार फ्रेड फिलिप्स यांनी ते टोकदार कान स्पॉकची भूमिका करणाऱ्या लेनर्ड निमॉय यांच्या चेहऱ्यावर शोभतील असे करून घेतले. वाहिनीच्या विक्री विभागाला त्या कानांची धास्ती वाटत होती, प्रेक्षकांना हा माणूस सैतानासारखा वाटेल म्हणून. सुरुवातीच्या जाहिरात-पुस्तिकेत तर स्पॉकच्या छायाचित्रातले कान आणि भुवया रंगकाम करून साध्या माणसासारख्या केल्या होत्या.

आणि निमॉय स्वतः. एका भागाच्या संहितेत स्पॉकनं मागून येऊन शस्त्राच्या दस्त्यानं डोक्यात हाणायचं होतं. निमॉय यांना ते पटलं नाही. इतका सुसंस्कृत परग्रहवासी असं मारामारीतल्या गुंडासारखं कशाला करेल? त्यांनी सुचवलं की मानेजवळ विशिष्ट जागी बोटांनी दाबलं की समोरचा बेशुद्ध पडावा. समोर कर्कची भूमिका करणारे विल्यम शॅटनर होते. त्यांनी ती चिमूट लागल्यावर असा काही देह सोडला की पाहणाऱ्याचा विश्वास बसला. नाटकात काम केलेल्या कोणालाही हे कळेल: मारणाऱ्यापेक्षा मार खाणारा ते दृश्य उभं करतो.

हाताची ती प्रसिद्ध खूणही निमॉय यांचीच, मधल्या दोन बोटांमध्ये फट ठेवून केलेली. ती पहिल्यांदा दिसते 'अमॉक टाइम' या १९६७ सालच्या भागात. लहानपणी बॉस्टनमधल्या ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात पुरोहित आशीर्वाद देताना हात असे धरत. त्या वेळी वर पाहायचं नसतं, तरी या मुलानं हळूच डोकं वर करून पाहिलं होतं. पुढे कितीतरी वर्षांनी व्हल्कन ग्रहावरचे लोक एकमेकांना कसे भेटत असतील हा प्रश्न आला तेव्हा तो हात आठवला.

स्पॉकचं घर ज्यांनी बांधलं त्या डी. सी. फोंटाना. मला या सगळ्या मंडळींमध्ये सर्वांत जास्त आदर त्यांच्याबद्दल वाटतो. डोरोथी कॅथरीन हे पूर्ण नाव. लिहिणारी बाई आहे हे नावावरूनच कळलं तर संहिता बाजूला पडते, म्हणून त्या फक्त आद्याक्षरं लिहायच्या. मालिकेत त्या आल्या रॉडनबेरींच्या सेक्रेटरी म्हणून. 'धिस साइड ऑफ पॅरडाइज' या भागाची दुसऱ्या लेखकाची संहिता काही जमत नव्हती. त्यात प्रेमात पडणारा होता जहाज चालवणारा अधिकारी सुलू. फोंटाना यांनी ती नव्यानं लिहिली आणि प्रेमात पाडलं स्पॉकला. ज्याला भावना दाखवायच्याच नाहीत, त्याच्यावरच ही वेळ आणली की प्रत्येक साधं वाक्यही जड होतं. त्या कामानंतर त्यांना कथा-संपादक केलं गेलं. वय तेव्हा सत्तावीसच्या आसपास. पुढच्याच हंगामात 'जर्नी टू बेबल'मध्ये त्यांनी स्पॉकचे आईवडील आणले: व्हल्कन वडील सारेक आणि पृथ्वीवरची आई अमँडा. अठरा वर्षं बापलेक एकमेकांशी धड बोललेले नाहीत. आपल्याकडच्या किती घरांत अशी न बोलणारी जोडी असते! आई मधल्या मध्ये होरपळते, तेही तसंच. अंतराळातली गोष्ट मला घरची वाटली ती इथे.

दुसरं मोठं नाव जीन एल. कून. पहिल्या हंगामाच्या मध्यावर ते निर्माते म्हणून आले आणि प्रचंड वेगानं लिहीत सुटले. क्लिंगॉन हे लढाऊ परग्रहवासी त्यांनी आणले. खान नूनियन सिंग हे पात्र ज्या भागात आलं त्याच्या लेखनातही ते सहलेखक होते. (हा खान उत्तर भारतातला, बहुधा शीख, असं त्या भागातच एक अधिकारी म्हणते. भूमिका मात्र मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो मोंताल्बान यांनी केली. नाव, वेश आणि चेहरा यांचा मेळ आपल्याला खटकतो, आणि ते खटकणं रास्त आहे.)

पण कून यांचं खरं काम पाहायचं तर 'द डेव्हिल इन द डार्क' पाहा. यानोस प्रोहास्का नावाचे कलाकार विचित्र प्राण्यांचे पोशाख बनवायचे आणि स्वतःच ते घालून त्यात शिरायचे. असाच एक पोशाख, दगडी गालिच्यासारखा जमिनीवर सरपटणारा, अंगावर चढवून त्यांनी स्टुडिओत चालून दाखवला. कून यांना तो इतका आवडला की त्यांनी तो डोळ्यांपुढे ठेवून गोष्टच लिहिली. खाणीत एक राक्षसी प्राणी कामगारांना मारतोय. स्पॉक त्याच्या मनाशी मन जोडतो तेव्हा कळतं की ती आई आहे. खाणकामगार जे गोल दगड फोडून फेकत होते ती तिची अंडी होती. वस्तू आधी, गोष्ट नंतर! आमच्याकडेही कधी कपडेपटात सापडलेल्या एका शालीवरून अख्खा प्रवेश सुचला आहे, त्यामुळे हे मला अगदी जवळचं वाटतं. आणि 'परका दिसतो म्हणून शत्रू नसतो' हे स्टार ट्रेकचं म्हणून जे काही आहे, ते मला इथे जितकं स्वच्छ दिसतं तितकं रॉडनबेरींनी स्वतः लिहिलेल्या भागांतही दिसत नाही. कून १९७३ मध्येच गेले. या मालिकेला पुढे केवढं मोठं रूप आलं ते त्यांना पाहायला मिळालं नाही.

आता माझा खरा जिव्हाळ्याचा भाग, नेपथ्य. मॅट जेफरीज हे कला दिग्दर्शक. दुसऱ्या महायुद्धात विमानांवर काम केलेले, स्वतः विमान चालवणारे. एंटरप्राइझ जहाजाचा आकार त्यांचा. जहाजाच्या क्रमांकातली 'एनसी' ही अक्षरं अमेरिकी विमानांच्या नोंदणीवरून आली आणि १७०१ हे आकडे निवडले कारण छोट्या पडद्यावर दुरून ते एकमेकांसारखे दिसत नाहीत. जहाजातल्या ज्या अरुंद बोगद्यात शिरून दुरुस्ती करतात त्याला 'जेफरीज ट्यूब' हे नाव पडलं ते त्यांच्यावरूनच.

माणसं एका ठिकाणी विरघळून दुसरीकडे उमटतात ते ट्रान्सपोर्टर यंत्र कशामुळे जन्माला आलं माहीत आहे? दर आठवड्याला एवढं मोठं जहाज ग्रहावर उतरवून दाखवणं खर्चाला परवडत नव्हतं म्हणून. ती चमचम म्हणजे अॅल्युमिनियमची भुकटी, काळ्या पडद्यासमोर प्रखर प्रकाशात सोडलेली आणि कॅमेऱ्यानं टिपलेली. आपोआप सरकणारे दरवाजे भिंतीमागे उभे राहिलेले कामगार दोरीनं ओढायचे. त्यांची वेळ चुकली तर नट सरळ दारावर आपटायचा. एका भागासाठी आणलेल्या मीठदाण्या इतक्या आधुनिक घाटाच्या निघाल्या की मीठदाणी म्हणून कोणी ओळखलंच नसतं. मग त्या डॉक्टर मॅकॉय यांच्या पेटीत वैद्यकीय उपकरणं म्हणून गेल्या.

हातात धरून उघडायचं ते संपर्कयंत्र आणि खांद्याला लावायचं ट्रायकॉर्डर हे तपासणीचं यंत्र बनवलं वाह मिंग चांग यांनी. तरुणपणी पोलिओ झालेला, पायांना आधार लावून चालणारे हे चिनी-अमेरिकी कारागीर. ते प्रॉपर्टी बनवणाऱ्यांच्या कामगार संघटनेचे सदस्य नव्हते, त्यामुळे त्यावरून वाद झाला आणि श्रेयनामावलीत त्यांचं नाव आलं नाही. हे मला आजही लागतं.

या साऱ्याला पैसा कोणाचा? देसिलू स्टुडिओचा, आणि त्याच्या मालकीण होत्या विनोदी अभिनेत्री ल्युसील बॉल. मालिका महाग पडेल म्हणून त्यांच्याच संचालक मंडळाचा विरोध होता. तो बाजूला सारून बाई मागे उभ्या राहिल्या.

उहुराबद्दल थोडक्यात, कारण तो किस्सा बऱ्याच जणांना माहीत आहे. ती भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स पहिल्या हंगामानंतर मालिका सोडणार होत्या. एका कार्यक्रमात मार्टिन ल्यूथर किंग भेटले आणि त्यांनीच सोडू नका म्हणून सांगितलं. कृष्णवर्णीय स्त्री मोलकरीण म्हणून न दिसता अधिकारी म्हणून घराघरांत दिसते आहे, हे त्यांना फार मोलाचं वाटत होतं. १९७७ मध्ये निकोल्स यांनी नासासाठी स्त्रिया आणि अल्पसंख्याक उमेदवार मिळवण्याची मोहीम चालवली. म्हणजे लिहिताना जे पात्र छोटं होतं, ते अभिनेत्रीनं पडद्याबाहेर मोठं केलं.

आपल्या बाजूचा एक धागाही आहे. १९७९ सालच्या पहिल्या चित्रपटात इलिया झालेल्या पर्सिस खंबाटा या मुंबईच्या. त्या भूमिकेसाठी त्यांनी डोक्याचे सगळे केस काढले होते.

सुरुवात करायची असेल तर क्रमानं सगळे भाग पाहू नका. आधी 'द डेव्हिल इन द डार्क', मग 'अमॉक टाइम', मग 'जर्नी टू बेबल'. या तिसऱ्या भागात अमँडा आणि स्पॉक एका खोलीत दोघंच असतात तो प्रसंग येईल तेव्हा आवाज थोडा वाढवा. आई बोलत असते आणि निमॉय जवळजवळ काहीच करत नाहीत. ते पाहून झालं की मला इथे कळवा, त्या एका प्रसंगावर मला तुमच्याशी बोलायला आवडेल.