लातूरहून पुणे विद्यापीठाच्या वसतिगृहात पहिल्यांदाच राहायला जातेय. रुळायला काय करू?

सगळ्यात आधी एक विनंती: पहिल्याच शनिवारी गावाकडची गाडी पकडू नकोस. ओळखी सुट्टीच्या दिवशीच होतात. कोणी डोक्याला तेल लावत बसलेली असते, कोणी कपडे धूत असते आणि गप्पा आपोआप सुरू होतात. तेव्हाच तू घरी गेलीस तर सोमवारी पुन्हा परकी.

सामान कमी ने. बादली, मग, गादी पुण्यात सहज मिळतं. घरून आणायचं ते दणकट कुलूप आणि नायलॉनची दोरी. पावसाळ्यात गेलीस तर कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, ओलसर जीन्सला कुबट वास येतो. म्हणून पटकन वाळणारे सुती कुर्ते जास्त घे.

रूममेटशी दिवा किती वाजता बंद करायचा, फोनवर कुठे बोलायचं, हे पहिल्याच आठवड्यात मोकळेपणाने ठरव. मनात धुमसत ठेवलं की महिन्याभराने कपाटाच्या चावीवरूनही भांडण होतं.

मेसचं जेवण सुरुवातीला नको वाटेल. शेंगदाण्याची चटणी जवळ असू दे, पण उपाशी झोपू नकोस. खोलीत करमेना झालं की जयकर ग्रंथालयात जाऊन बस. आवारात झाडी भरपूर आहे, संध्याकाळी चालायला छान वाटतं.

कोणी त्रास दिला तर गप्प बसू नकोस. रेक्टरना सांग, नाहीतर रॅगिंगविरोधी हेल्पलाइन आहेच: १८००-१८०-५५२२. घरच्यांनाही हा नंबर देऊन ठेव.