ब्रिटनमधील स्वतंत्र लघुपट आणि माहितीपट पाहायचे असतील, तर सुरुवात कोणत्या कृतींपासून करावी?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. ब्रिटनमधील स्वतंत्र लघुपट आणि माहितीपटांपैकी आधी कोणते पाहावेत, ही पहिली. आणि पुढे मोठे चित्रपट करणाऱ्या दिग्दर्शकांची ही ‘सुरुवातीची तालीम’ पाहून नवशिक्याला काय शिकता येईल, ही दुसरी. दुसऱ्या प्रश्नामागची समजूत मला मुळीच मान्य नाही. याच समजुतीवरून एका जाणकार माणसाशी माझा कडाक्याचा वाद झाला होता आणि तो अजूनही माझ्या मनातून गेलेला नाही.

आमच्या गावातील फिल्म सोसायटीत ब्रिटिश लघुपटांची एक संध्याकाळ ठरली होती आणि निवड माझ्याकडे होती. लिंडसे अँडरसन यांचा ‘ओ ड्रीमलँड’, जॉन स्मिथ यांचा ‘द गर्ल च्यूइंग गम’ आणि अँड्रिया अर्नोल्ड यांचा ‘वॉस्प’ हे तीन लघुपट मी निवडले. संस्थेच्या एका ज्येष्ठ सदस्यांनी प्रास्ताविकातच प्रेक्षकांना सांगितले, की अँडरसन यांना १९६९ साली ‘इफ’ या चित्रपटासाठी कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि अर्नोल्ड यांनी पुढे ‘फिश टँक’ हा मोठा चित्रपट केला, तेव्हा आज आपण त्यांचा हात कसा घडत गेला ते पाहू. स्मिथ पुढेही लघुपटच करत राहिले, म्हणून त्यांचे नाव प्रास्ताविकात आलेच नाही.

परिणाम व्हायचा तोच झाला. लघुपट संपल्यावर जी चर्चा झाली ती सगळी ‘पुढे काय केले’ याचीच होती. ‘वॉस्प’मधील आई एका जुन्या ओळखीच्या पुरुषाबरोबर संध्याकाळ घालवता यावी म्हणून आपली चार मुले पबच्या बाहेर उभी करते, ही मुले आपली नाहीतच असे त्याला भासवते, आणि बाहेर ती उपाशी पोरे ताटकळत राहतात. पंचवीसएक मिनिटांत अर्नोल्ड आपल्याला त्या बाईचा राग आणतात आणि तिच्यावर मायाही करायला लावतात. पण त्या बाईबद्दल त्या संध्याकाळी एकही माणूस बोलला नाही. मी उठून हे स्पष्ट सांगितले. त्यावर त्या गृहस्थांनी शांतपणे उत्तर दिले, की लघुपटाला स्वतःचे आयुष्य नसते, तो दिग्दर्शकाची ओळख करून देतो आणि बाजूला होतो. सभागृह बंद होईपर्यंत आम्ही वाद घालत राहिलो आणि पुढच्या कित्येक बैठकांत तो विषय निघाला, की आम्हा दोघांचे आवाज चढत.

त्या वेळी वादाच्या भरात जे नीट मांडता आले नाही, ते येथे मांडतो. ‘ओ ड्रीमलँड’ १९५३ साली मार्गेट येथील जत्रेसारख्या करमणूक उद्यानात चित्रित झाला. त्यात निवेदन नाही, मुलाखत नाही. यांत्रिक बाहुल्यांचे खदखदा हसणे, पिंजऱ्यातील प्राणी, देहदंडाचे देखावे आणि त्यांच्यापुढून मख्ख चेहऱ्याने सरकणारी माणसे एवढेच आहे. तो फेब्रुवारी १९५६ मध्ये लंडनच्या नॅशनल फिल्म थिएटरमधील ‘फ्री सिनेमा’ या तरुण दिग्दर्शकांच्या माहितीपट चळवळीच्या पहिल्या कार्यक्रमात दाखवला गेला, तोवर पडून होता. कोणाला आपली ओळख करून देण्यासाठी माणूस असे काम करत नाही. ‘द गर्ल च्यूइंग गम’ १९७६ सालचा आहे. पूर्व लंडनमधील डाल्स्टन भागातला एक रस्ता दिसतो आणि एक आवाज जणू प्रत्येक पादचाऱ्याला, गाड्यांना, घड्याळाच्या काट्यांनाही हुकूम सोडत असतो. हळूहळू लक्षात येते, की आवाज नंतर जोडलेला आहे आणि रस्ता आपल्या मर्जीने चालला आहे. निवेदनावर आपण किती आंधळा विश्वास ठेवतो, हे बारा मिनिटांत इतके लख्ख दाखवणारी दुसरी कृती मला माहीत नाही.

त्यातही माझा मुख्य पुरावा मार्गारेट टेट यांचा आहे. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर १९१८ साली जन्मलेल्या टेट डॉक्टर होत्या, दुसऱ्या महायुद्धात लष्करी वैद्यकीय सेवेत असताना भारतातही राहिल्या होत्या, आणि नंतर रोमला जाऊन चित्रपट शिकल्या. त्यांनी तीसहून अधिक लघुपट केले आणि त्यांतील बहुतेक स्वतःच्या पैशाने केले. १९५२ सालच्या ‘अ पोर्ट्रेट ऑफ गा’ या जेमतेम पाच मिनिटांच्या लघुपटात त्यांची आई उघड्या माळावर सिगारेट ओढते आणि चिकटलेल्या गोळीचा कागद चिवटपणे सोडवते. या बाईंचा एकमेव पूर्ण लांबीचा चित्रपट १९९२ साली आला, त्यांच्या वयाच्या सत्तरीनंतर. चाळीस वर्षे कोणी तालीम करत नसते.

माहितीपटांकडे वळायचे, तर न्यूकॅसलच्या अँबर या गटाचा ‘लाँच’ (१९७४) आधी पाहावा. कामगारांच्या घरांच्या गल्लीच्या टोकाला, जहाजबांधणीच्या गोदीत, घरांहून कितीतरी उंच जहाज उभे आहे, हे दृश्य सगळा समाजशास्त्राचा धडा देऊन जाते. त्यानंतर ब्लॅक ऑडिओ फिल्म कलेक्टिव्हचा, जॉन अकोम्फ्रा यांनी दिग्दर्शित केलेला ‘हँड्सवर्थ साँग्ज’ (१९८६) पाहावा. बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थ भागात आणि लंडनमध्ये झालेल्या १९८५ च्या दंगलींविषयीच्या बातम्यांनी जे दाखवले नाही, ते तो जुन्या चित्रफितींमधून शोधतो. तो सोपा नाही, दोनदा पाहावा लागतो. मार्क आयझॅक्स यांचा ‘लिफ्ट’ (२००१) मात्र कोणालाही भिडेल: दिग्दर्शक पूर्व लंडनमधील एका उंच इमारतीच्या लिफ्टमध्ये कॅमेरा घेऊन उभा राहतो आणि ये-जा करणारे रहिवासी हळूहळू त्याच्याशी बोलू लागतात. आपल्याला स्वतः माहितीपट करायचा असेल, तर यापेक्षा चांगला पाठ नाही, कारण त्यात ओळख वाढेपर्यंत थांबणे हेच तंत्र आहे.

लिन रॅमसे यांचे लघुपट कान महोत्सवात गाजले आणि त्यानंतर त्यांना मोठा चित्रपट करता आला, हे मला मान्य आहे. ‘वॉस्प’ला २००५ साली ऑस्कर मिळाल्याचा अर्नोल्ड यांना उपयोग झाला असणार, हेही मान्य आहे. तरीही रॅमसे यांच्या ‘गॅसमन’मध्ये वडिलांबरोबर नाताळच्या पार्टीला निघालेल्या मुलीला वाटेत भेटलेली दोन मुले आपल्याच वडिलांची आहेत, हे ज्या क्षणी उमगते, तो क्षण दोन तासांच्या चित्रपटात याहून मोठा झाला नसता. आपल्याला कोणी लघुपट म्हणजे पायरी असे शिकवत असेल, तर त्याला टेट यांच्याविषयी जरूर विचारा.

‘स्वतंत्र’ या विशेषणाबद्दलही एक खुलासा हवा. यांतील पुष्कळ कामांना ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट, चॅनेल फोर ही दूरचित्रवाहिनी यांसारख्या संस्थांचा पैसा लागलेला आहे, आणि ‘फ्री सिनेमा’तील एका माहितीपटाचा खर्च तर फोर्ड या मोटार कंपनीने उचलला होता. शेवटी एक सूचना: ‘वॉस्प’ आणि ‘गॅसमन’ सबटायटल्ससह मिळाले तरच पाहा. त्यांतील अनुक्रमे डार्टफर्ड आणि ग्लासगोकडचे उच्चार पहिल्या वेळी कानाला समजत नाहीत.